रबाळे ते न्हावाशेवा: उभ्या गाडीचा हिशेब ठेवणारी वाहतूक सेवा

नवी मुंबईत रबाळ्याच्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रात आमचा स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. महिन्याला साधारण चार वीस फुटी कंटेनर न्हावाशेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराला जातात आणि आठ-दहा गाड्या वापी, अंकलेश्वर व वडोदऱ्याच्या रासायनिक कारखान्यांकडे जातात. एवढ्या मालासाठी स्वतःचा वाहतूक विभाग ठेवणे परवडत नाही, आणि माल तयार झाला की कळंबोलीच्या गाडीवाल्यांना फोन लावून मिळेल ती गाडी, मिळेल त्या भाड्याने घेणे हेही शेवटी महागच पडते, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली. गेले चौदा महिने आम्ही हे काम एका वाहतूक-नियोजन सेवेकडे दिले आहे. तिचा हा अनुभव आहे.

सेवेचे नाव येथे देत नाही. तिच्याविषयी काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्यांतल्या एकीचे निवारण अजून चालू आहे. शिवाय कळंबोली, तळोजा आणि भिवंडी या पट्ट्यात असे काम करणारे अनेक जण आहेत, तेव्हा त्यांच्याशी करार करताना काय विचारावे, हे नावापेक्षा वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल.

ही मंडळी गाड्यांची मालक नाहीत. पूर्वी ज्याला हुंडेकरी म्हणत, त्याचेच हे आजचे रूप: माल एका टोकाला उचलून दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याचा मक्ता घ्यायचा, गाड्या दुसऱ्यांच्या लावायच्या आणि मधली जबाबदारी आपल्या बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, घ्यायची. हे लोक दर महिन्याच्या २५ तारखेला आमच्याकडून पुढच्या महिन्याच्या मालाचा अंदाज मागून घेतात आणि त्यावरून फेरीपत्रक तयार करतात. त्या फेरीपत्रकात किलोमीटर, टोल आणि भाडे यांच्या शेजारी ‘उभी’ असा एक रकाना असतो. गाडी कोठे, किती तास उभी राहील याचा आधी केलेला अंदाज आणि नंतर प्रत्यक्षात लागलेला वेळ, असे दोन आकडे त्यात भरलेले असतात.

त्या रकान्यामुळेच आम्ही ही सेवा घेतली. निर्यातीच्या एका कंटेनरची फेरी घ्या. रिकामा कंटेनर द्रोणागिरीच्या यार्डातून उचलायचा, आम्र मार्गाने उरण फाटा गाठायचा, शीव-पनवेल महामार्गावरून तुर्भ्याला येऊन ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळ्याला आणायचा, माल भरायचा, सील लावायचे, वजनकाट्यावर तोलायचा आणि त्याच वाटेने परत बंदरात न्यायचा. जाऊन-येऊन अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही प्रत्येक फेरीची नोंद ठेवली, तेव्हा चाक फिरत होते तो वेळ सरासरी साडेचार तास निघाला आणि फेरी मात्र तीस तासांची. बाकीचा वेळ यार्डाच्या फाटकाबाहेर, आमच्या स्वतःच्या आवारात, कस्टम्सच्या कागदांची वाट पाहण्यात आणि टर्मिनलच्या रांगेत गेला होता. इतकी वर्षे भाड्याची घासाघीस आम्ही केली ती या साडेचार तासांवर. साडेपंचवीस तासांचे पैसे ‘हॉल्टिंग’ या नावाखाली निमूटपणे भरत आलो.

न्हावाशेव्याला आज पाच कंटेनर टर्मिनल आहेत आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात तेथे सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेली एवढी पेट्यांची आवकजावक झाली. त्यातला रेल्वेचा वाटा लहान असल्यामुळे बहुतेक सगळे ओझे रस्त्यावर येते. ज्या जहाजाने माल जायचा त्याच्यासाठी टर्मिनलचे फाटक ठरावीक काळच उघडे असते. लवकर गेलात तर आत घेत नाहीत, कटऑफ, म्हणजे पेटी आत घेण्याची शेवटची वेळ, चुकला तर पेटी पुढच्या जहाजावर जाते आणि तोपर्यंतचे भाडे तुमच्या अंगावर. त्यात फॉर्म तेरा, म्हणजे टर्मिनलमध्ये शिरण्याचा परवाना, निघालेला हवा, १ जुलै २०१६ पासून बंधनकारक झालेले भरलेल्या कंटेनरचे तोललेले वजन जहाज कंपनीला कळवलेले हवे आणि कस्टम्सची परवानगी मिळालेली हवी. या चार गोष्टींपैकी एक जरी मागे राहिली तरी ट्रेलर रस्त्याकडेला लागतो.

ही सेवा कटऑफपासून उलटे मोजत येते. जहाजाची वेळ, फाटक उघडण्याची वेळ, कस्टम्सचे काम, रस्ता, भरणे, रिकामा कंटेनर उचलणे, असे मागे मागे येत आमच्या इन्व्हॉइसची आणि पॅकिंग लिस्टची वेळ ठरते, आणि ती आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत मिळाली नाही तर गाडीच लावली जात नाही. सुरुवातीला या अटीचा आम्हाला राग आला. सेवेचे नियोजन पाहणाऱ्या मॅडम तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमची गाडी बंदरापेक्षा तुमच्याच दारात जास्त उभी राहते. संध्याकाळी क्रेन मोकळी नसते, तर मग गाडी चारला बोलावता कशाला?” आमच्याकडे एकच ओव्हरहेड क्रेन आहे आणि साडेसातपर्यंत ती जुळणीच्या कामात अडकलेली असते, डिस्पॅचचा कारकून पाचला घरी जातो म्हणून गाडी चारला बोलावण्याची पद्धत पडली होती, दुसरे काहीही कारण नव्हते. कारकुनाची वेळ बदलली, गाडी रात्री नऊला घेऊ लागलो आणि फेरीतले सहा तास गेले. एवढ्यासाठी बाहेरचा माणूस लागावा हे सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते, पण आहे ते असे आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी मुद्दाम ट्रेलरबरोबर गेलो. गव्हाण फाट्याच्या पुढे डाव्या कडेला ट्रेलरची रांग होती. आमच्या चालकाने गाडी लावली, चाकाला दगड लावला, केबिनमागच्या पेटीतून स्टोव्ह काढला आणि ताडपत्रीच्या आडोशाला चहा ठेवला. शेजारच्या ट्रेलरचा चालक दोन दिवस तेथेच होता. त्याच्या मालकाच्या कागदांत काही तरी अडले होते. त्याला वाटले मी कस्टम्सच्या एजंटाचा माणूस आहे. “साहेब, दोन रात्री मागच्या चाकाशेजारी झोपतोय. कागद कधी येणार तेवढे सांगा, मग मी जेवायला तरी जाईन,” असे तो म्हणाला. गाडी सोडून गेला तर डिझेल चोरीला जाते, आणि आसपास संडास किंवा आंघोळीची सोय नव्हती. आमच्या चालकाच्या मोबाइलवर पहाटे सव्वातीनला टर्मिनलची वेळ आली आणि आम्ही निघालो. पत्रकात अंदाज चार तासांचा होता, लागले पावणेपाच.

हे पाहिल्यानंतर महामार्गाच्या पैशाचा विचार वेगळ्या बाजूने होऊ लागतो. रस्त्यासाठी पैसा उभा करण्याचे मार्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत. पळस्प्याहून बंदराकडे जाणारा रस्ता आणि आम्र मार्ग रुंद करण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, बंदर आणि सिडको यांनी मिळून वेगळी कंपनीच काढली. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर जातो. २०१६ पासून रूढ झालेल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत बांधकामाच्या काळात खर्चाचा ४० टक्के भाग सरकार देते आणि उरलेले ६० टक्के ठेकेदार उभे करून पुढच्या वर्षांत हप्त्यांनी परत घेतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली राज्य रस्ते विकास महामंडळाने २०२० मध्ये ८,२६२ कोटी रुपयांना दहा वर्षांसाठी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तरी ऐरोलीच्या नाक्यावर आमच्या ट्रकला तो भरावाच लागतो. त्याविषयी तक्रार नाही, रस्ता झिजवतो तो ट्रकच.

पण हा सारा पैसा मार्गिका, पूल आणि बोगदे यांच्याकडे जातो, आणि टोल बसतो तो अंतरावर. ट्रक उभा राहण्याच्या जागेला या हिशेबात कोणी वाली नाही. अपवाद बंदराने सुमारे ४५ हेक्टरांवर उभारलेल्या पार्किंग प्लाझाचा: कारखान्यात भरून आलेले निर्यातीचे कंटेनर कस्टम्सचे काम होईपर्यंत तेथे थांबतात, आणि आमच्या फेऱ्यांत त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. नाक्यावरच्या थांबण्याला किंमत देण्याचा एक प्रयत्न २०२१ मध्ये झाला होता. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर रांग शंभर मीटरच्या पिवळ्या रेषेमागे गेली की टोल न घेता गाड्या सोडाव्यात, अशी तरतूद त्यात होती. पुढे ती मागे घेण्यात आली.

आता गुजरातकडची वाट. रबाळ्याहून महापे, शीळफाटा, मुंब्रा बाह्यवळण, खारेगाव, माणकोली, अंजूरफाटा आणि चिंचोटीला जाऊन मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८; तेथून खानिवड्याचा नाका, मनोर, चारोटीचा नाका, तलासरी, वापी. अंकलेश्वरपर्यंत अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. या वाटेवर सेवेचे नियोजन बंदराच्या मानाने कच्चे आहे, कारण येथे उलटे मोजायला कटऑफ नाही आणि शहरांतून अवजड वाहनांना दिवसाच्या काही तासांत बंदी असते, तिच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेनुसार बदलत राहतात. २०२४ मध्ये महामार्गाच्या डांबरी थरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम चालू असताना कोठल्याच पत्रकाला अर्थ उरला नव्हता, असे जुने गाडीवाले अजून सांगतात.

मागच्या जुलैत आमची एक गाडी अंजूरफाटा ते चिंचोटी या टप्प्यात अडकली. पाऊस, खड्डे आणि पुढे उलटलेला टँकर. ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्यावर असताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे, म्हणजे अंकलेश्वरसाठी दोन दिवस. एरवी ते पुरून उरतात. पण गाडीचा क्रमांक बिलात नोंदवला की मुदत सुरू होते, आणि सेवेच्या माणसाने तो गाडी कारखान्यात येण्याआधीच नोंदवून टाकला होता. भरायला एक दिवस उशीर झाला, त्यात हा अडथळा. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास यांतच ती वाढवता येते, आणि ती वाढवण्याचा अधिकार त्या वेळी माल नेणाऱ्या वाहतूकदाराचा असतो. त्यांच्या रात्रपाळीच्या फोनवर कोणी नव्हते. आमचे हिशेबनीस रात्री बारापासून फोन करत होते. पहाटे पावणेसहाला एकदाची मुदत वाढली, तेव्हा आठांतले सव्वादोन तास उरले होते. तपासणी झाली असती तर कराच्या दुप्पट दंड आणि गाडी अडकवून ठेवणे, हे दोन्ही आमच्या वाट्याला आले असते. सेवेने दिलगिरी व्यक्त केली आणि त्या फेरीचे नियोजन शुल्क माफ केले. आता बिलात गाडीचा क्रमांक माल भरून झाल्यावर आमचा माणूस टाकतो.

पैशाची बाजू मी वेगळी तपासली, कारण या सेवेची जाहिरात मुख्यतः तिच्यावरच आहे. गाडी भरली की गाडीवाल्याला डिझेल आणि टोलसाठी भाड्याचा मोठा भाग रोखीने किंवा खात्यावर तेथल्या तेथे द्यावा लागतो आणि बाकी पोहोच मिळाल्यावर. आमचे ग्राहक मात्र साठ ते नव्वद दिवसांनी पैसे देतात. हे मधले दिवस सेवा आपल्या पैशाने भरून काढते आणि आम्हाला महिन्याअखेरीस एकत्र बिल देते. ऐकायला बरे वाटते. बिलावर उशिराच्या दर महिन्यासाठी दोन टक्के आकार लागतो, तो वर्षाला चोवीस टक्के होतो. आमच्या बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय सेवा लघुउद्योग म्हणून नोंदलेली असल्यामुळे तिचे बिल ४५ दिवसांपुढे ढकलले तर प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. म्हणजे लांब उधारी ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांनाच ती सर्वांत महाग पडते. आम्ही ही सोय फक्त मार्चमध्ये आणि दिवाळीच्या आधी, एकदा-दोनदा वापरली. एरवी मोठ्या ग्राहकांची बिले ट्रेड्सच्या, म्हणजे लहान उद्योगांची येणी मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन, मंचावर वटवून भाड्याचे पैसे उभे करतो; २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाल्यापासून हा मार्ग आमच्यासारख्यांना मोकळा झाला आहे. सेवेच्या विक्री प्रतिनिधीला हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. त्याला या मंचाची माहिती नसावी.

भाड्यात मात्र लपवाछपवी आढळली नाही. टोल फास्टॅगच्या नोंदीप्रमाणे रुपया न् रुपया, नियोजन शुल्क दर फेरीमागे ठरलेले, आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वेगळी दाखवलेली असते. भाड्यावरचा पाच टक्के जीएसटी आम्हीच भरतो. दोन वेळा मात्र आमच्या आवारात आधीच ठरलेले थांबणेही हॉल्टिंग म्हणून बिलात लावले होते. सील लावल्याची वेळ आणि गाडीच्या जीपीएसची नोंद दाखवल्यावर ते काढले.

निवारण न झालेली तक्रार नुकसानीची आहे. फेब्रुवारीत वडोदऱ्याला गेलेल्या गाडीतली एक पेटी पट्टा सुटून पडली आणि चार व्हॉल्व्हचे फ्लँज वाकले. बिल्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते आम्ही तेव्हा प्रथम वाचले: मालाची किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखालच्या नियमांतही हेच आहे, तेव्हा सेवेने काही बेकायदा केलेले नाही. पण भाडे अठरा हजार आणि गाडीत माल बावीस लाखांचा असताना आपले संरक्षण एक लाख ऐंशी हजारांपुरते आहे, हे करार करताना तोंडी तरी सांगायला हवे होते. आमचे नुकसान त्या मर्यादेच्या आतले आहे, तरीही पट्टे आमच्या माणसांनी बांधले की त्यांच्या, यावर सेवेशी पत्रव्यवहार चालू आहे. त्यानंतर आम्ही वर्षभराचा मालवाहतूक विमा घेतला. वाचकांनी तो आधीच घ्यावा.

या पट्ट्यावरचे ओझे कमी होण्याची चिन्हे नाहीत. दादरीहून येणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदर, हा सुमारे १०२ किलोमीटरचा तुकडाच सर्वांत मागे राहिला. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बंदराकडे येणारा फाटा बदलापूरमार्गे माथेरानच्या डोंगराखालून आखलेला आहे. तो पूर्ण वापरात आला की शीळफाटा आणि मुंब्रा यांच्यावरचा ताण हलका होईल, असे सेवेचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. उलट, २०२४ मध्ये मंजूर झालेल्या वाढवण बंदराचा ३२ किलोमीटरचा जोडरस्ता याच महामार्ग ४८ ला येऊन मिळणार आहे. तेथेही ट्रेलर थांबवायची जागा आराखड्यात आधी धरली आहे का, हे मी शोधत आहे.

गौरी-गणपतीच्या आधीचे चार दिवस मॅडमनी यंदा बंदराच्या फेऱ्यांतून वगळूनच टाकले होते. कोकणात जाणाऱ्यांची रीघ पळस्पे फाट्याला लागते आणि तिचा ताण पार कळंबोलीपर्यंत येतो, म्हणून आमचा माल त्यांनी आठवडाभर आधी मागितला. तो देण्यासाठी आम्हाला दोन रविवार कारखाना चालवावा लागला आणि कामगारांची कुरकुर ऐकावी लागली, पण हॉल्टिंगचे एकही बिल आले नाही.

करार आणखी सहा महिन्यांसाठी वाढवला आहे. उधारीचे कलम आम्ही खोडले, ई-वे बिलाच्या मुदतवाढीची जबाबदारी त्यांच्या रात्रपाळीवर लेखी घातली आणि पट्टे कोणी बांधायचे तेही लिहून घेतले. नव्या फेरीपत्रकात गुरुवारची गाडी नऊऐवजी पावणेआठला लावलेली दिसली, म्हणून मी मॅडमना फोन केला. गुरुवारी जुळणीचे काम सातलाच संपते आणि क्रेन लवकर मोकळी होते, हे त्यांनी आमच्या सुपरवायझरला विचारून घेतले होते. मला ते माहीत नव्हते.